नऊच्या फोटोनंतरची पेज

शाळेतल्या मुलांना सकाळी पेज देण्याच्या आमच्या उपक्रमावर मी तीनदा भाषण केलं, एकदा शाल-श्रीफळ घेतलं आणि एकदाही खरं बोललो नाही. आता पन्नाशी ओलांडली, बदली होऊन त्या गावापासून लांब आलो. आता सांगायला कुणाची हरकत नाही. तशी तेव्हाही नव्हती, माझ्याशिवाय.

संगमेश्वर तालुक्यातली दोन शिक्षकांची शाळा. दुपारची खिचडी सरकारी होती, पण दुपार व्हायला वेळ असतो. बायका सातच्या टेम्पोने काजूच्या कारखान्यात जायच्या. घरात पोरांसाठी काही शिजलेलं असायचंच असं नाही. अकरा वाजले की निम्मा वर्ग बाकावर डोकं टेकायचा. काही मुलं सकाळी यायचीच नाहीत. खिचडीच्या वासाला यायची आणि ताट धुऊन निघून जायची. आम्ही त्याला आळस म्हणायचो. पोटभर नाश्ता करून आलेल्या माणसाला हा शब्द लगेच सुचतो.

गावाचं एक मुंबई मंडळ होतं. नोकरीधंद्याला गेलेले पुरुष, शिमग्याला आणि गणपतीला येणारे. देवळाला फरशी बसवलेली, कमान बांधलेली, कमानीवर नावं कोरलेली. शिमग्यात पालखी बसल्यावर मी बैठकीत विषय काढला. सकाळच्या पेजेचा खर्च मंडळाने उचलावा, मुलं शाळेत टिकतील.

अध्यक्ष म्हणाले, "गुरुजी, कमानीवर नाव दिसतं तरी. पेजेवर कुठं कोरणार?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. पोरांच्या भुकेवर विनोद झाला की अर्ज मंजूर होतो, एवढी अक्कल मला नोकरीने दिली होती.

मंजूर झालाच. अट एकच: रोज सकाळी नऊला फोटो, मंडळाच्या ग्रुपवर. त्या बैठकीत पऱ्यापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या, बौद्धवाडीतलं कुणी नव्हतं. बोलावलं नव्हतं म्हणून नव्हतं. मुलं मात्र तिथलीही होती.

जूनपासून पेज सुरू झाली. उकड्या तांदळाची, वर मूठभर खोबरं, सोबत लोणच्याची फोड. खिचडी करणाऱ्या मावशीच ती रांधायच्या. मुलं खरंच वेळेवर यायला लागली. हे मी भाषणात सांगायचो, आणि एवढं खरं होतं. नऊला मी पोरांना ताटल्या वर धरायला लावायचो, फोटो काढायचो, आणि मुंबईहून अंगठे, फुलं, जोडलेले हात यायचे. पेज तोवर निवायची. अन्न हातात असून खायचं नाही, हा धडा पहिलीच्या पोरांना आमच्याच शाळेत मिळाला.

एके दिवशी ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "आज तीन ताटल्या कमी कशा?" एवढंच. बहुधा लोकलची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाने, वेळ जात नव्हता म्हणून. मला मात्र ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी जाहीर केलं: फोटोनंतर येणाऱ्याला पेज नाही. मंडळाने असं काही सांगितलं नव्हतं. नियम माझा. त्याला मी शिस्त हे नाव दिलं.

बौद्धवाडीतली एक मुलगी पाचवीत होती. सकाळी झऱ्याचं पाणी भरायची, धाकट्या बहिणीला अंगणवाडीत सोडायची, मग सडा, म्हणजे वरचं कातळाचं माळरान, उतरून यायची. पावसात पऱ्यावरच्या साकवावरून, त्या लहानशा पुलावरून, पाणी जायला लागलं की वरच्या वाटेने वळसा. कितीही धावली तरी सव्वानऊ. सगळ्यात लांबून, सगळ्यात रिकाम्या पोटी येणारी पोर नेमकी फोटोनंतर पोचायची, आणि मी तिला दारातूनच हाताने बाक दाखवायचो.

मावशींनी पहिल्याच आठवड्यात अडवलं.

"गुरुजी, तिच्या वाटणीची पेज टोपात हाय. वाढू काय?"

"नियम म्हणजे नियम, मावशी."

"साकवावरनं पाणी जातंय वो. पोर काय उडत येणार हाय?"

"आज तिला दिली तर उद्या सगळे उशिरा येतील."

"मग म्हशीला घालतंय. म्हशीला तुमचा नियम नाय ना?"

आणि त्या खरंच शेजारच्या गोठ्यात टोप रिता करून आल्या. मी वर्गात फळ्यावर सुविचार लिहीत होतो. कोणता ते आठवत नाही. चांगलाच असणार.

मुलगी काही दिवस आली. मग एक दिवसाआड. श्रावणात यायची थांबली. तिच्या नावापुढच्या गैरहजेरीने महिन्याचा तक्ता नासत होता, म्हणून मी हजेरीपटात तिच्यापुढे लिहिलं: स्थलांतरित. शाळेच्या पायरीवरून तिच्या घराचं कौल दिसायचं. हजेरी पूर्ण भरली. गणपतीला मंडळ आलं, गुरुजींनी गैरहजेरी संपवली म्हणून खांद्यावर शाल पडली. मी संकोचल्यासारखं केलं. ते मला उत्तम जमतं.

दिवाळीनंतर वरून पत्र आलं. पट एकाने कमी भरत होता, शाळेतली एक जागा जाणार होती. तेव्हा मला ती मुलगी आठवली. हे मुद्दाम लिहितो, कारण भाषणात मी "मनाला राहवेना" असं म्हणत आलोय. मन मजेत होतं. पट कमी होता.

सुट्टीच्या दिवशी सडा चढून गेलो. चढताना दोनदा बसलो. हीच वाट ती रोज दोन वेळा, सकाळी तर उपाशी, तुडवायची हे तेव्हा पायांना कळलं. ती दारात सूप घेऊन काजूगराची साल काढत बसली होती. आई उठून उभी राहिली.

"बसा गुरुजी. पेज ओततंय, घ्या वाईच."

मुलीने मान वर केली नाही. म्हणाली, "आये, गुरुजींचं नऊला झालेलं असतंय."

आईने तिला डोळ्यांनी दटावलं आणि वाडगा माझ्यापुढे ठेवला. वाजले होते साडेदहा. मी पेज प्यालो. सगळी.

"पोरीला पाठवा उद्यापासून," मी म्हणालो. "हुशार आहे. नाव परत घालतो."

आईने पदराला हात पुसले. तिला माझ्या कौतुकाची गरज नव्हती, तिने कामाचं विचारलं. "सव्वानवाला आली तर पेज मिळंल काय तिला?"

मुलीचे हात थांबले. पहिल्यांदाच तिने माझ्याकडे पाहिलं. 'हो' म्हणायला मला कुणाची परवानगी नको होती. टोप माझ्या शाळेत, नियम माझ्या तोंडचा. पण 'हो' म्हटलं की आजवर 'नाही' कुणी म्हटलं, हे त्या दोघींना तिथेच कळलं असतं.

"मंडळाला विचारून बघतो," मी म्हणालो.

मुलीने खाली मान घातली आणि पुढची मूठ सुपात ओढली. ती आली नाही. मी मंडळाला विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच.