कोंबड्यांना घातलेलं तेल

माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. चाकणजवळ आमचं गाव. त्या साली धाकट्या नणंदेला क्षय झाला, आणि पुण्याच्या डॉक्टरांनी औषधाबरोबर रोज दोन अंडी द्यायला सांगितली. तिचं लग्न व्हायचं होतं, म्हणून हे दुखणं उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, असं सासऱ्यांनी सगळ्यांना बजावलं होतं.

घरच्या कोंबड्या होत्या, पण चैत्र सरता सरता त्या चोची उघड्या टाकून धापा टाकायला लागल्या. दाण्याला तोंड लावीनात, मग अंडी कुठली? गुरांच्या डॉक्टरांनी सासऱ्यांना सांगितलं, "उन्हात त्या थोडंच खाणार. त्या थोड्यातच जोर पाहिजे. दाण्याच्या भरडीला तेल चोळून सकाळच्या गारव्याला घाला."

घाण्यावरचं तेल घरात बेताचंच असायचं. सासूबाईंनी कालवणाची फोडणी बंद केली. त्यांनी आणि मी डोक्याला तेल लावणं सोडलं. अंडी मात्र हळूहळू पुन्हा मिळू लागली.

एक दिवस थेरगावहून माझे वडील न कळवता सकाळीच आले. मी पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला. त्यांनी माझ्या भुरकट केसांकडे पाहिलं, मग अंगणात भरडीला तेल चोळत बसलेल्या सासऱ्यांकडे.

"पाव्हणं, कोंबड्यांची बडदास्त चांगली हाय," ते म्हणाले. "माझ्या पोरीच्या डोस्क्याला मातर तेल न्हाई."

सासऱ्यांनी मान वर केली नाही. हात तसेच भरडीत राहिले. खरं सांगायची मला बंदी होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

तेवढ्यात नणंद आतून आली. तोंडावर पदर धरून म्हणाली, "मामा, ते तेल माझ्यापायी हाय. मला क्षय झालाय. अंडी माझ्यासाठी लागत्यात."

वडिलांनी तांब्या खाली ठेवला. एक घोटही घेतला नव्हता. ते दोन पावलं मागं सरले आणि मला म्हणाले, "चल पोरी, माझ्यासंगं चल."

नणंदेनं ते पाहिलं आणि ती आत वळली. सासऱ्यांच्या अपमानानं आलेली लाज एक होती. ही दुसरी, माझ्या स्वतःच्या माणसाची, जास्त झोंबली.

"मी न्हाई येत," मी म्हणाले.

ते एकटेच परतले. सासऱ्यांनी या प्रकाराबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही.

पुढच्या वर्षी नणंदेचा खोकला थांबला, आणि आणखी दोन वर्षांनी तिचं लग्न लागलं. वडील आले होते, पंगतीला बसले होते. त्यांना जिलबी वाढायला सासूबाईंनी मला पुढं केलं. मी ताट दुसरीच्या हातात दिलं आणि बायकांच्या पंगतीकडं निघून गेले.