निवृत्तीदादांचा दुसरा नग

निवृत्तीदादा पगारे आज सकाळी गेले. दहाची दहा बोटं घेऊन गेले.

सातपूरला प्रेस शॉपमध्ये ज्यांनी दिवस काढलेत, त्यांना हे वाक्य कळेल. बाकीच्यांसाठी सांगतो. पत्रा कापणाऱ्या प्रेसवर उभं आयुष्य काढून सगळी बोटं शाबूत ठेवलेला माणूस मी हा एकच पाहिला.

आणि त्यातली काही बोटं माझ्यामुळे जाणार होती.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. आमच्या कारखान्यात प्रेसला पहिल्यांदाच इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बसणार होता. त्याचा प्रोग्राम आम्ही सोप्या भाषेत लिहायचो. तो यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा कंपायलर माझा.

चिप एवढीशी. प्रोग्राम मावेना.

म्हणून मी कंपायलरला छाटणी शिकवली. एखादी ओळ एखादी व्हॅल्यू साठवते, पण पुढे तिला कोणी विचारतच नाही, तर ती ओळ मेलेली. काढून टाका.

ओळखायचं कसं? शेवटच्या ओळीपासून वर वर यायचं, आणि प्रत्येक ओळीवर विचारायचं, इथून पुढे कोणाकोणाची गरज लागणार आहे?

ही रीत मला शाळेतून सुचली. आमचे मराठीचे गुरुजी कविता खालून वर पाठ करून घ्यायचे, शेवटची ओळ आधी. पुढे नोकरीतही खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर बघत मी त्याच ओळी पुटपुटत बसायचो. म्हणून दादा मला कविराज म्हणायचे.

छाटणी झाली. प्रोग्राम मावला. मी हवेत.

चाचणीला बाहेरगावचे पाहुणे आले. दाखवायचं एकच होतं. प्रत्येक ठोक्यानंतर यंत्र वीस सेकंद थांबणार. त्यानंतरही पेडलवरचा पाय उचललेला नसेल, तर प्रेस दुसऱ्यांदा खाली येणार नाही. म्हणजे माणसाने निर्धास्त हात घालून नग काढावा.

दादांनी पत्रा ठेवला. पेडल दाबलं.

धाड्.

पहिला नग. देखणा. टाळ्या.

साहेब म्हणाले, "पगारे, पाय तसाच ठेवा. आता हाताने काढा."

दादांनी हातमोजा सारखा केला आणि माझ्याकडे बघितलं.

"काय कविराज, घालू हात?"

मी म्हणालो, "घाला दादा. बिनधास्त."

हात निघाला. अर्ध्यावर थांबला. मग वळला आणि बाजूचा लांब चिमटा उचलला.

"पहिला नग समद्यांचाच चांगला येतो, साहेब. दुसऱ्या टायमाला काय करतं ते बघू द्या."

"अहो, चिमट्याने काय काढताय? पाहुण्यांना काय वाटेल?"

"पाहुण्यांचा हात नाय ना आत."

कोणीतरी हसलं. चिमटा आत गेला.

पाय पेडलवरच होता.

वीस सेकंद संपले.

धाड्.

चिमटा वाकून खाली पडला. त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

साहेब म्हणाले, "पेडल चिकटलं असणार."

"पेडल मी सकाळी खोलून साफ केलंय," दादा म्हणाले. आणि माझ्याकडे वळले. "कविराज, कागद काढा."

कॅन्टीनच्या टेबलावर प्रिंटआउट पसरला. छाटलेल्या ओळी मी लाल पेन्सिलने खोडत गेलो. खालून पहिलीच खोडलेली ओळ होती, 'पाय अजून पेडलवर आहे' एवढं लक्षात ठेवणारी.

"ही का काढली?"

"तिच्यानंतर तिला कोणी विचारत नाही, दादा. शेवटचीच ओळ आहे ती."

"अन् शेवटच्या ओळीनंतर मशीन काय करतं? घरी जातं?"

मी त्या ओळीच्या खाली बघितलं. कागद कोरा होता.

"तुमच्या त्या शाळेच्या कवितेत शेवटचं कडवं झालं की काय म्हणता?"

"ध्रुवपद. म्हणजे परत पहिली ओळ."

"मग?"

मी पेन्सिल कागदाच्या वरच्या टोकाला, पहिल्या ओळीवर नेली.

मी खालून वर एकदाच आलो होतो. वर पोचलो आणि थांबलो. पण यंत्र पुन्हा पहिल्या ओळीवर येतं, आणि पहिली ओळच तर विचारते, पाय उचलला का? तिची गरज घेऊन मी परत तळाशी जायला हवं होतं. पुन्हा वर यायला हवं होतं. यादीत नवं काही येईनासं होईपर्यंत, फेरीमागून फेरी.

पहिल्या फेरीत मेलेली वाटलेली ओळ दुसऱ्या फेरीत जिवंत होती.

"दादा, मी तुम्हाला 'घाला' म्हणालो."

"चहा प्या," दादा म्हणाले. "निवला."

नंतर कधी, कोणापुढे, त्यांनी तो शब्द काढला नाही.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. ती ओळ परत आली, बाकीचं खरोखर मेलेलं निघालं, आणि प्रोग्राम कसाबसा मावला.

पुन्हा चाचणी. या वेळी पाहुणे नव्हते. नवा चिमटा होता.

पहिला नग. पाय पेडलवरच. वीस सेकंद. चाळीस. प्रेस वरच. चिमट्याने नग बाहेर. पाय उचलला, पुन्हा दाबला. दुसरा नग. तसंच. पाचवा. दहावा.

दादांनी चिमटा बाजूला ठेवला.

"काय कविराज, घालू हात?"

मी म्हणालो, "थांबा दादा. अजून एकदा होऊ द्या."

दादा मोठ्याने हसले.

"आता घालतो," म्हणाले. आणि घातला.

आज त्यांच्या घरी गेलो होतो. पांढरं वस्त्र, छातीवर ठेवलेले दोन्ही हात. सूनबाई शेजारी बसून शेवटच्या दिवसांचं काही सांगत होत्या. माझं लक्ष नव्हतं, त्यांनी माफ करावं.

मी बोटं मोजत होतो.

दहा.

मग शेवटच्या बोटापासून उलटी, पुन्हा एकदा मोजली.

शेवटचा जयभीम, दादा.