गाण्यात गेलेले नाव

माझ्या नातीला मी तिच्या पाळण्यापासून एका लाडक्या नावाने हाक मारीत आलो. ते नाव कधी उंबऱ्याबाहेर गेले नव्हते. लग्नानंतर तिने ते फक्त नवऱ्याला सांगितले. पुढे दोघांचे पटले नाही, रीतसर विभक्त झाले, आणि ती गंगाखेडला आमच्याकडे परतली. त्याबद्दल मी कोणालाही बोल लावला नाही.

परंतु गेल्या श्रावणात त्या गृहस्थाने गिटारवर एक विरहगीत म्हटले आणि ते मोबाइलवर सर्वत्र पसरले. आवाज मंद, कानाशी बोलावे तसा. त्याच्या दुःखाला माझी हरकत नाही. पण गीताचे ध्रुवपद म्हणजे नातीने लग्नात घेतलेला उखाणा होता : ‘गोदेच्या पाण्यात सोडला दिवा, वाऱ्याने तो विझू नये.’ तो तिने स्वतः जुळवला होता. उखाण्यात पत्नी जेथे पतीचे नाव घेते, तेथे या महाशयांनी तिचे ते घरातले नाव घातले.

ती परभणीला शाळेत शिकवते. गाणारा तिचा पूर्वीचा नवरा, हे शाळेत सर्वांना ठाऊक; ती फळ्याकडे वळली की मागून मुले त्याच नावाचा सूर धरू लागली. शिक्षकांच्या खोलीत एक बाई तिच्यादेखत म्हणाल्या, बिचारा किती रडवतो. बिचारा तो. हिच्याकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही.

संध्या आटोपून मी त्याला फोन केला.

“आबा, माझ्या मनातलं आहे ते,” तो नम्रपणे म्हणाला.

“मन तुमचं असेल. नाव आमच्या घरचं आहे.”

लोकांना नेमका तोच भाग आवडतो, असे तो सांगू लागला. नातीने फोन माझ्या हातून घेतला.

“उखाणा राहू दे तुला. माझं नाव तेवढं काढ.”

आठवड्याने त्याने ते काढले. त्या जागी आता तो नुसता गुणगुणतो, आणि ऐकणारे ते नाव आपण होऊन भरतात. बाजारात ऐकले, रिक्षात ऐकले, नदीच्या घाटावरही ऐकले. देवाचे नाव घेण्यापूर्वी आम्ही आचमन करतो. एका मुलीचे नाव मात्र कोणीही, पान चघळीत, घ्यावे.

काल सकाळी मी तिला नेहमीसारखी हाक मारली.

“आबा, त्या नावानं नका बोलवू आता,” चपला घालता घालता ती म्हणाली.

आज ती रेल्वे गाठायला निघाली तेव्हा डबा ओट्यावरच राहिला होता. मी दारात येऊन तिला शाळेच्या दाखल्यावरच्या नावाने हाक मारली. ती वळली नाही. मी दुसऱ्याच कोणाला बोलावतो आहे, असे तिला वाटले असावे.