भागीरथेच्या गुडघ्यावरचं पान

रोज सकाळी चुलीवर चहा ठेवला की भागीरथा एरंडाचं पान तव्यावर शेकायची, त्यावरून तेलाचं बोट फिरवायची आणि उजव्या गुडघ्यावर ठेवून जुन्या लुगड्याच्या चिंधीनं घट्ट बांधायची. मागच्या पावसाळ्यात गुडघ्यात पाणी झालं होतं, तेव्हापासूनची ही सवय. आता गुडघा बरा होता. सूज होळीच्या आसपासच उतरली होती. तरी ती पान बांधत होती, आणि गाठ मारताना दाराकडे पाठ करत होती.

तिचं खरं दुखणं गुडघ्याहून जुनं. वस्तीनं नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच्या पुढच्या साली धाकट्याचं बाळंतपण झालं, आणि त्यानंतर तिचं अंग पूर्वीसारखं राहिलंच नाही. सकाळी उठावं तर रात्रभर कुणी पाट्यावर वाटून काढल्यासारखं वाटायचं. एक दिवस मान, एक दिवस खांदे, कधी पाठीचा कणा, कधी नुसती बांगडी मनगटाला टेकली तरी कळ. झोप यायची, पण झोपेनं काही भरून निघायचं नाही. नवऱ्यानं, देवमननं, तिला बडनेऱ्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं हात-पाय दाबून पाहिले आणि म्हणाला, "काही नाही हिला. खाऊ-पिऊ घाला." येताना देवमन सारा रस्ता बैलांवरच खेकसत राहिला. त्या दिवसापासून भागीरथेनं दुखतं म्हणायचं सोडलं.

निंदणाला बाया रांगेनं बसत. प्रत्येकीला एक पात, म्हणजे एका ओळीतलं गवत खुरप्यानं काढत शेताच्या टोकापर्यंत न्यायचं. भागीरथा नेहमी मागं पडायची. शेजारची पंचफुला म्हातारी, पण जिभेला धार. "आंगचोर हाय ते," ती भागीरथेला ऐकू जाईल असं म्हणायची. "जेवाले बसली का पाह्य, कशी सगळ्याइच्या पुढं!"

मग तो गुडघा सुजला. भोपळ्यासारखा टम्म फुगला, आणि सारी वस्ती पाहायला आली. पंचफुलासुद्धा आली, बोटानं दाबून बघितलं आणि हळहळली, "माय वं, केवढं सोसलं तुनं!" देवमननं तिला अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं सुईनं पाणी काढलं. सुई आत गेली तेव्हा भागीरथा कळवळली, पण त्या कळेच्या तळाशी एक सुख होतं, आणि त्या सुखाची तिला तेव्हापासून लाज वाटत आली. इतक्या वर्षांनी तिच्या दुखण्याला दाखवायला जागा मिळाली होती.

धाकटी जाऊ मैना त्या दिवसांत म्हणाली, "बाई, तुमी जमंल तेवढं करा. उरलेली पात मी काहाडून देईन." मैना बोलली तसंच वागली. आपली पात टोकाला नेली की ती समोरून उलटी फिरायची आणि भागीरथेची पात काढत तिच्याकडे यायची. यंदा तिचं तान्हं पोर बांधावरच्या बाभळीला झोळीत असायचं. ते रडायचं. मैना एकदा झोळीकडे बघायची, एकदा उरलेल्या पातीकडे, आणि खुरपं आणखी जोरात चालवायची. ते रडणं भागीरथेच्या कानात घरीसुद्धा राहायचं. उद्या सांगू, ती ठरवायची. पण गुडघा बरा झाला म्हटलं की मागं उरलेलं सगळं उघडं पडणार, आणि ते कुणाला दिसत नव्हतं. सकाळी ती पुन्हा तवा ठेवायची.

आषाढी पौर्णिमेला वस्तीतल्या टिनाच्या विहारात वंदना होती. भागीरथेची तिथं एक जागा ठरलेली होती, भिंतीशी पोत्याच्या घडीवर, पाय लांब करून. बाकीचे गुडघे टेकत, ती बसून हात जोडायची, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे. पण त्या दिवशी भातकुलीहून पाहुणे आले. भिंतीकडची जागा त्यांच्या पोराबाळांनी भरली. भागीरथा पांढऱ्या लुगड्यात मैनेच्या शेजारी उभी राहिली. मैनेचा नवरा शेषराव वंदना सांगत होता. त्याचा आवाज उठला, सगळे एकदम खाली झाले, आणि भागीरथाही झाली. दोन्ही गुडघे जमिनीला लागले, कपाळ टेकलं, ती वर आली, पुन्हा टेकलं. शरीरानं जुनी ओळख धरून आपलं आपणच केलं. तिसऱ्यांदा डोकं वर उचललं तेव्हा मैना तिच्या गुडघ्यांकडे बघत होती.

शेषराव शीलं सांगू लागला. चौथं शील खोटं न बोलण्याचं. सगळ्यांच्या आवाजात भागीरथेचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही.

परतताना मैना पोर कडेवर घेऊन पुढं चालली होती. विहिरीपाशी ती थांबली.

"बाई, गुडघा कवापासून वाकते?"

"होळीपासून."

"अन् पान काहून बांधता मंग?"

भागीरथा लुगड्यावरून चिंधीची गाठ चाचपत राहिली.

"पोरगं बांधावर रडून रडून लाल होते, अन् मी तुमची पात काहाडून राहिली. मले सांगाचं नाई?"

"मैने, गुडघा दुखाचा राहिला वं. पण बाकी सगळं दुखते. मान दुखते, पाठ दुखते. नुसती बांगडी लागली तरी दुखते. ते कोणाले दाखवू मी?"

"मले काय दाखवाचं होतं? मी काय डाक्टर आहो?" मैनेचा आवाज चढला. "सांगाचं होतं!" आणि ती पदर ओढून निघून गेली.

दुसऱ्या सकाळी भागीरथेनं तवा ठेवला नाही.

"आज पान नाई?" देवमननं विचारलं.

"गुडघा बरा झाला."

"चाला, सुटली एकदाची," तो म्हणाला, आणि मोकळ्या मनानं चहा प्यायला. पुढचं वाक्य तिच्या तोंडाशी होतं. त्याचा तो मोकळा चेहरा बघून तिनं ते गिळलं.

शेतात पंचफुलेच्या नजरेतून काय सुटतंय! "अवं, भागीरथेचं पान गळलं वं! आता पाहा, मोटारीवानी पळते का नाई!" बाया हसल्या. मैना हसली नाही, आणि तिनं वरही बघितलं नाही. भागीरथेनं कडेची पात धरली.

ऊन चढलं तशी तिची बोटं खुरप्यावर आखडू लागली. खांद्यातून मानेत, मानेतून डोक्यात ठणका गेला. रांग पुढं गेली, बायांच्या पाठी लहान होत गेल्या. मैनेची पात संपली. ती उठली, बांधाकडे गेली, झोळीतून पोर काढून पदराखाली घेतलं. असंच व्हायला हवं होतं. भागीरथेनं मान खाली घातली आणि गवत उपटत राहिली. डोळ्यांतलं पाणी मातीत पडलं, ते तिनं खुरप्यानं उलटून टाकलं.

बऱ्याच वेळानं समोरून खुरप्याचा आवाज आला. तिच्याच पातीतून, तिच्याकडे येत होता.

"पोर?" भागीरथेनं विचारलं.

"पाजलं. झोपलं." मैनेचे हात थांबले नव्हते. "गुडघ्यासाठी नाई आली मी. तुमी मागं राहिल्या, म्हून आली. माहा राग गेला नाई अजून."

"नको जाऊ देऊ."

"तुमी नका सांगू मले रागाचं."

दोघींच्या मधलं गवत कमी होत गेलं. हाताला हात लागेल इतकं अंतर उरलं तेव्हा मैनेनं कपाळावरचा घाम कोपरानं पुसला.

"आज कुठं दुखते?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. भागीरथेला मान वर करता येईना. आधी तिला वाटलं काहीच सांगू नये, मग वाटलं सगळंच सांगावं.

"आज खांदे," ती ढेकळाकडे बघत म्हणाली. "अन् हे बोटं."

"हं," मैना म्हणाली, आणि भागीरथेच्या समोरचा हरळीचा दाट पुंजका तिनं आपल्या खुरप्याखाली घेतला.