मी लावलेलं शेपूट

दहाव्या वर्षी मला सगळं कळत होतं. पुढं ते कमी कमी होत गेलं.

त्या श्रावणात वळसंगच्या माळावर शेण गोळा करायला गेले होते. कुसळी गवतात एक पाखरू उभं दिसलं, माझ्या छातीला लागेल एवढं उंच. लांब उघडे पाय, पांढरट मान. एवढं पाहिलं आणि पाटी टाकून जी पळाले ती घरात येऊनच थांबले. मोठी शूर होते मी.

आप्पा, म्हणजे माझे वडील, भिंतीला टेकून बसले होते. दोन्ही डोळ्यांत फुलं पडून त्यांची नजर गेली होती, आणि त्या पावसाळ्यात दमा असा वाढला होता, की उंबऱ्यापर्यंत जाताना दोनदा थांबायचे. मोठं पाखरू म्हटल्याबरोबर ते ताठ बसले. लहानपणी गुरं राखताना माळावर त्यांनी असंच एक पाखरू बघितलं होतं. मोठ्या दुष्काळानंतर ते कुणाला दिसलं नाही. गाव म्हणायचं, ते संपलं. आप्पांना ते पटत नव्हतं. मरायच्या आत एवढं एक कळावं म्हणून ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, आणि लोक हसायचे.

मी त्याचं नाव विचारलं.

"नाव न्हाय सांगायचा," ते म्हणाले. "सांगितलं की तू व्हय व्हय म्हनत बसशील. तू दिसलं तसं सांग, मी वळखतो."

मग माझं मनगट धरून एकेक विचारत गेले. पाय सांगितले, मान सांगितली. दर उत्तराला त्यांची पकड घट्ट होत होती. चेहरा असा उजळला होता, की शेजारच्या बायका हातातलं काम टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आन शेपूट कसं हाय?"

शेपूट मी बघितलंच नव्हतं. पण एवढ्या बायकांसमोर तसं म्हणायची लाज वाटली. आईच्या कशिद्यातल्या सगळ्या पाखरांना लांब, निळीहिरवी शेपटं होती. त्यातलंच एक मी लावून दिलं.

आप्पांनी मनगट सोडलं. "मग मोर हाय की त्यो," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

त्यानंतर त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. मी रोज त्यांना पाणी नेऊन देत होते आणि रोज ठरवत होते, उद्या सांगू. अडत होतं कशावर, तर मैत्रिणी चिडवतील यावर. दसऱ्याच्या आधी आप्पा गेले.

चार वर्षांनी लग्न होऊन बैलगाडीनं दुधनीला निघाले. वाटेत माळावर तेच पाखरू. सासऱ्यांनी बैल उभे केले आणि हळूच म्हणाले, "माळढोक. आता लई कमी झालाय." ते सावकाश वळलं, आणि या वेळी मी नीट बघितलं. शेपूट आखूड होतं, सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

मी हुंदके देऊन रडायला लागले. सासूबाईंना वाटलं, पोरीला माहेर आठवलं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि पदराच्या गाठीतले गूळशेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. मी ते रडत रडत सगळे खाल्ले.