आधी तिचं ऐकायचं

जयपूरला आमच्या घरी बाबांचा शब्द शेवटचा असे. ते केंद्र सरकारच्या कचेरीत अधिकारी. घरातले तंटेही ते कचेरीतल्यासारखेच निकालात काढत, रविवारी सकाळी, गच्चीवरच्या उन्हात. मोठा भाऊ आधी बोलायचा. त्याचं संपेपर्यंत बाबांचं मत झालेलं असायचं, मग मला कोण विचारतंय? खरं तर मला ते सोयीचंच होतं. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझा आवाजच फुटत नसे, आणि कॉन्व्हेंटमुळे मराठी वाक्य मध्येच इंग्रजीत शिरून अडकायचं.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मात्र मला पुढे लॉ करायचं होतं. भावाला गंमत वाटली. वकीलबाई जजसाहेबांसमोर नुसती मान हलवणार, मतलब पक्षकार थेट तुरुंगात, असं तो म्हणाला. बाबाही हसले. येत्या रविवारी हा विषय निघणार हे मला ठाऊक होतं. तो कसा संपणार, हेही.

त्या आठवड्यात आईबरोबर मटार सोलता सोलता मी परीक्षेचं पाठ करत होते. तिनं विचारलं म्हणून सांगितलं, सुप्रीम कोर्ट आपल्या कामकाजाचे नियम स्वतः करतं, पण संसदेनं त्याबद्दल कायदा केला, तर कोर्टाला तो पाळावा लागतो.

"आणि निकाल?"

"तो कोर्टाचाच."

आईनं मान डोलावून पुढची शेंग सोलायला घेतली.

रविवारी भावानं सुरुवात करताच तिनं त्याच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली.

"तू खा. अहो, निकाल तुम्हीच द्या, त्यात मी पडत नाही. पण आजपासून ज्याच्याबद्दल ठरवायचं, त्याचं आधी ऐकायचं. मध्ये कोणी बोलायचं नाही."

बाबांनी चष्मा काढून पुसला. नको म्हणाले नाहीत.

मी बोलले. निम्मं इंग्रजीत, दोनदा अडखळून. पण थांबले तरी माझी बोलायची वेळ संपत नव्हती, त्यामुळे पुढचं सुचत गेलं. शेवटी बाबांनी विचारलं, वर्ग संध्याकाळचे, मग घरी कशी येणार? असं काही ठरवताना त्यांनी याआधी कधी मला प्रश्न विचारल्याचं आठवत नव्हतं.

"मैत्रिणीबरोबर, सायकलनं."

"एक वर्ष करून बघ," बाबा म्हणाले. मग भावाकडे वळले. "हं, आता तू बोल."

त्याच्या तोंडात पोह्यांचा घास होता.