आईला रडू न देता वाचलेली कादंबरी

घरांवर डिश अँटेना चढू लागल्या त्या वर्षांतली गोष्ट. नांदूरघाटच्या आमच्या घरात मात्र आईचं मन पुस्तकात. बीडला तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा वाचनालयाची एक कादंबरी तिची निम्मी वाचून झाली होती. दोन बहिणींची गोष्ट, त्यातली धाकटी आजारी. डॉक्टरांनी बजावलं होतं : वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही आणि रडायचं तर मुळीच नाही. टाके ताजे आहेत.

घरी येताच आई म्हणाली, "पुढचं तू वाचून दाखव."

"रडलीस तर डोळा जाईल."

"आन् न्हाई वाचलं तर धाकटीच्या काळजीनं झोप जाईल. बोल."

मी तेव्हा एका अडत दुकानावर हिशेब लिहायचो. तपासणीच्या वेळी एकजण नोंदी मोठ्यानं वाचतो, दुसरा खूण करत जातो. वाचणाऱ्यानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सूर ठेवायचा, नाहीतर ऐकणाऱ्याचं लक्ष हलतं. मी ठरवलं, कादंबरी तशीच वाचायची. शब्द एकही गाळायचा नाही, पण आवाज जागचा हलू द्यायचा नाही.

दुपारी शेजारच्या मावशी डाळ निवडायला आमच्याकडेच येऊन बसायच्या. पहिलं पान ऐकून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आक्का, तुमचा लेक कादंबरी वाचतोय का तुरीचा भाव सांगतोय?"

"वाचू द्या वो," आई म्हणाली. "मला समदं कळतंय."

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पान उलटलं आणि खालच्या ओळी आधीच नजरेला पडल्या. धाकटी जाणार होती. मी घसा साफ केला आणि सूर होता त्याहून सपाट केला.

"थांब," आई म्हणाली. "धाकटी चालली न्हाई का?"

मी पुढची ओळ शोधत असल्यासारखं केलं.

"अरं, सुखाचं असलं की तू जरा भराभर वाचतोस. वाईट आलं की तुझा आवाज रस्त्यावर रोलर फिरवल्यावानी सपाट होतो. कालपासून वळखायलेय मी."

मावशी म्हणाल्या, "म्हंजे रोलर आला की माणूस गेलं!"

त्यावर आई अशी हसली की खाट हलली. मावशी हसल्या, आतून बायको हसली. मी पुस्तक टाकून आईचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. हसण्याबद्दल डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं होतं.

टाके काढायच्या दिवशी ते विचारून घेतलं. डॉक्टरांनी डोळा नीट तपासला. "छान आहे. रडल्या तर नाहीत ना?"

"ह्यानं रडू दिलं तर ना," आई म्हणाली आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं धडाधड वाचत खालच्या ओळीपर्यंत गेली. मला तिथंच आनंदानं उडी मारावीशी वाटली.

चष्मा आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते मावशींना हाक मारायचं. आम्हा सगळ्यांना समोर बसवलं, पदर नीट केला आणि धाकटीचं ते पान मोठ्यानं वाचलं. कुठं थांबत, कुठं आवाज अगदी खाली आणत. मावशींनी डोळ्याला पदर लावला. बायको उठून आत गेली. मला पुढची ओळ ऐकूच येईना.

आईनं चष्म्यावरून आमच्याकडं पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते आणि ती भलतीच खुशीत होती.

"ह्याला म्हणतात वाचणं," ती म्हणाली आणि तिनं पान उलटलं.